भैयाजींचा ड्रॉप

कामठीच्या ठवकरांचा थोरला मुलगा सात वर्षं एम.ए. करत होता. करत होता म्हणणंही जरा जास्तच झालं. ओसरीवरच्या आरामखुर्चीत पाय पसरून तो एम.ए.ची वाट बघत होता, जशी काही ती कन्हानकडून येणाऱ्या बसनं येऊन दारात उतरणार होती. नाव दिगंबर, पण सगळा मोहल्ला त्याला भैयाजी म्हणे. पायाला कधी माती लागू दिली नाही, म्हणून ते ‘जी’ त्याला शोभूनही दिसे. विषय राज्यशास्त्र आणि लोकप्रशासन. वडील महादेवराव चौथी शिकलेले, स्वतः शेतात राबणारे. ते भेटेल त्याला सांगत, “आमचा भैया कलेक्टरच्या लाइनीत हाये.” ही लाइन कुठून सुरू होते ते त्यांनी कधी विचारलं नाही आणि भैयाजींनी कधी सांगितलं नाही.

एम.ए.चं पहिलं वर्ष भैयाजी कसेबसे पास झाले होते. गाडी अडली ती फायनलला. पेपर हातात आला की ते तो शांतपणे वाचत. मनासारखे प्रश्न असले तर लिहायचं. नसले तर अर्ध्या तासाची घंटा होताच उठून यायचं. याला ड्रॉप घेणं म्हणत. नापास होतात ती मठ्ठ मुलं, ड्रॉप घेतात ती फर्स्ट क्लासची, असा त्या काळी नागपुरात एक समज होता. धरमपेठेतल्या चहाच्या टपऱ्यांवर तो वर्षानुवर्षं पोसला गेला. किती बापांचे पैसे आणि किती पोरांची उमर त्या समजात गेली! भैयाजी तर ड्रॉपबद्दल असे बोलत, की ऐकणाऱ्याला वाटावं हा माणूस विद्यापीठावर उपकार करून आला आहे.

शिकलेलं ते घरी मात्र वापरत. उन्हाळ्यात भागीरथाबाई गच्चीवर कुरोड्या घालायला बसल्या की लेक छत्री घेऊन हजर.

“माय, हे काम असं नाही होत. पहिले नियोजन, मग संघटन, मग निर्देशन. तू तं डायरेक्ट सोऱ्याच दाबून राहिली.”

“तुहं निर्देशन त्या कावळ्याइले दे गा बाप्पा. हाकल त्याइले.”

कावळे हाकलणं हे कर्मचाऱ्याचं काम, प्रशासकाचं नव्हे, असं म्हणून प्रशासक सावलीला जात. कावळे गोपिका हाकलायची. एका हातात काठी, एका हातात पुस्तक.

गोपिका ही भैयाजींची धाकटी बहीण. मोहल्ल्यातल्या मुलींच्या घोळक्यात रोज बसनं नागपूरला जाऊन तिनं बी.ए. केलं होतं. मग घोळक्यातल्या एकेकीचं लग्न झालं, घोळका संपला, आणि एम.ए. तिला बाहेरून करावं लागलं. घरी वाचायचं आणि परीक्षेपुरतं नागपूरला जायचं. विषय भावाचेच, कारण पुस्तकं घरात होती. नवी कोरी होती. महादेवरावांनी परवानगी दिली ती एका अटीवर.

“जातानी भैयासंग, येतानी भैयासंग. बसमधून एकटी उतरतानी दिसली, तं दुसऱ्या दिवसापासून पुस्तकं बंद.”

पहिल्या वर्षी ही अट सोपी गेली. त्या साली भैयाजींनी परीक्षेआधी, घरबसल्याच ड्रॉप जाहीर केला होता. ते तिला हॉलपर्यंत सोडत आणि बाहेर टपरीवर बसून तीन तास देशाचा कारभार सुधारत. संकट आलं ते फायनलला. आता दोघं एकाच परीक्षेला आणि आडनाव एक, त्यामुळे नंबरही मागेपुढे. पुढच्या बाकावर भैयाजी, मागच्या बाकावर गोपिका.

पहिलाच पेपर. अर्ध्या तासाची घंटा झाली आणि पुढची पाठ उठली.

“चल वं. फालतू पेपर काढला. ड्रॉप.”

गोपिकाचं पहिलं उत्तर रंगात आलं होतं. येतानी भैयासंग. ती उठली. जिना उतरताना भैयाजी तिला समजावत होते, की मार्कांपेक्षा इभ्रत मोठी असते. घरी येऊन त्यांनी सांगितलं, “आम्ही दोघांनीबी ड्रॉप घेतला.” दोघांनीबी! वर्ष बुडाल्याची आली नसेल इतकी चीड तिला त्या एका शब्दाची आली. त्या दिवसापासून तिनं भावाला मनातून मान देणं बंद केलं. तोंडानं भाऊ, भाऊ म्हणे. पण आरामखुर्चीकडे बघितलं की तिला गोठ्यात बसून राहिलेला बैल आठवे. आणि बैल निदान शेण तरी देतो.

पुढच्या माघात काटोलचं स्थळ जुळलं. मुलगा शाळेत मास्तर, माणूस बरा. त्याचे वडील रुपराव बैठकीत सुपारी कातरत म्हणाले, “शिकलेली सून आम्हाले पाहिजेच हाये. पण लग्नानंतर परीक्षा-बिरीक्षा नाही चालणार बरं. काय व्हायचं ते आधी होऊन जाऊ द्या.” लग्न ज्येष्ठात, परीक्षा चैत्रात. म्हणजे गोपिकासाठी ही शेवटची खेप. बैठक उठल्यावर ती आरामखुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.

“भाऊ, यंदा ड्रॉप नको घेऊ.”

“ते पेपरवर राहते.”

“तुह्या पेपरवर माही एम.ए. काहून राहावं? मले पुन्हा बसता येत नाही.”

“पाह्य गोपी,” भैयाजींनी चष्मा पुसला, “मोठ्या भावाआधी बहीण एम.ए. झाली, तं लोक काय म्हणतीन? अन् काटोलात तुले एम.ए.चं करायचं काय? वांगे भाजतानी सार्वभौमत्व सांगशीन काय?”

आणि आपल्याच विनोदावर ते खूप वेळ हसले. हसताना खुर्ची कुरकुरली, तेवढीच त्या दिवसाची मेहनत.

गोपिका बापाकडे गेली. “बाबा, भाऊ पेपर सोडून उठला, तं मीबी उठू काय?”

“तो काहून उठंन वं? कलेक्टरच्या लाइनीतला माणूस असा उठते काय?” महादेवरावांनी विषय संपवला.

तीन पेपर भैयाजी चक्क शेवटपर्यंत बसले. लिहिलं किती ते देव जाणे; जागा पंख्याखालची होती. चौथा आणि शेवटचा लोकप्रशासनाचा. ऊन लागू नये म्हणून भागीरथाबाईंनी नेहमीसारखा लेकाच्या खिशात एक आणि लेकीच्या पिशवीत एक कांदा टाकला.  

पेपरात पहिलाच प्रश्न होता, आदेशाची एकता म्हणजे काय. एका कर्मचाऱ्याला दोन वरिष्ठांनी दोन वेगळ्या आज्ञा केल्या तर कारभाराचं काय होतं ते लिहा. गोपिकाला विचार करावा लागला नाही. ती लिहीत सुटली. अर्ध्या तासाची घंटा झाली आणि पुढची पाठ उठली.

“चल वं.”

तिनं मान वर केली नाही.

“गोपी, मी उठलो.”

“उठ मंग.”

“ऐकू नाही येऊन राहिलं काय? बाबानं काय सांगतलं होतं?”

हॉलवर देखरेखीला कुसुमताई नावाच्या एक जुन्या मास्तरीणबाई होत्या. शिस्तीच्या, आवाज खणखणीत. त्या तिथूनच म्हणाल्या, “काय हो, उठलात तर बाहेर व्हा. इथं काय लग्नाची बोलणी चालली आहेत?”

“माझी बहीण आहे. तिलाही यायचं आहे,” भैयाजी एकदम पुस्तकी मराठीत म्हणाले.

कुसुमताई बाकाजवळ आल्या. “काय गं, जायचं आहे तुला?”

गोपिकानं तेव्हा भावाकडे नीट पाहिलं. कडक इस्त्रीचा बुशशर्ट, त्याच्या खिशातून फुगून आलेला कांदा, आणि हातात पहिल्या पानावर फक्त नंबर लिहिलेली उत्तरपत्रिका. घरी गेल्यावर काय होईल ते तिला ठाऊक होतं. पुस्तकं बंद होतील. पण आज उठली तरी ती बंदच होणार होती.

“नाही,” ती म्हणाली. “अन् बाई, पुरवणी आत्ताच देऊन ठेवा. मग हात वर करायला वेळ नाही मिळणार.”

भैयाजी थोडा वेळ खिडकीबाहेरून खुणा करत राहिले. चपराशानं हाकलल्यावर ते तडक स्टँडवर गेले आणि पहिली बस पकडून कामठीला निघाले. आपण आधी पोचलो म्हणजे ही एकटी येणार; एकटी उतरली की चौकात बाबांना दाखवायची. सात वर्षं लोकप्रशासन शिकून भैयाजींनी केलेलं हे पहिलं नियोजन.

गोपिकानं शेवटच्या घंटेपर्यंत लिहिलं. बाहेर आली तेव्हा टपरी रिकामी होती. काय झालं ते तिला लगेच समजलं आणि आश्चर्य मुळीच वाटलं नाही. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, “एकच?”

“एकच,” ती म्हणाली.

चौकात पानठेल्यासमोर महादेवराव डोक्यावर दुपट्टा घेऊन उभे होते. त्यांच्या मागे, त्यांच्याच सावलीत, भैयाजी. पानठेल्यावरची माणसं कान टवकारून.

“एकटी आली?”

“हो.”

“भैयासंग यायचं ठरलं होतं.”

“ठरलं होतं ना. मंग मले तिथं सोडून कोण आलं? मी तं जाग्यावरच होती बाबा. पेपर चालू होता. पळून कोण आलं, ते इचारा.”

महादेवराव मागे वळले. “तू काहून आला गा?”

“बाबा, पेपर स्टँडर्ड नव्हता. ड्रॉप घेतला.”

“म्हंजे केलं काय?”

“म्हंजे... उठून आलो.”

“अन् इनं?”

“लिहिला.”

“तोच पेपर?”

भैयाजी पानठेल्याच्या बाटल्या बघू लागले. महादेवरावांना इतकी वर्षं वाटत होतं की ड्रॉप ही हुशार पोरांनी करायची काहीतरी वरची गोष्ट असावी. भर चौकात त्यांना कळलं, की हुशार पोरगं नुसतं उठून येत होतं.  त्यांनी पोरीची पाठ थोपटली नाही. तसले ते नव्हतेच. “घरी चाल. ऊन लागंन,” एवढं तिला म्हणाले आणि चालू लागले. भैयाजींना ‘चाल’ म्हणायचं त्यांना सुचलं नाही. पुस्तकं बंद करायचा विषयही पुन्हा निघाला नाही.

लग्न झाल्यावर आषाढात निकाल लागला. गोपिका सेकंड क्लासमध्ये पास. काटोलात रुपरावांनी स्वतः पेढे वाटले, आणि दोन वर्षांनी तिथल्या कॉलेजात ती राज्यशास्त्र शिकवायला लागली. वांगी भाजायची ती भाजलीच; सार्वभौमत्व वर्गात सांगितलं.

भैयाजींनी या सगळ्यावर एकच उत्तर दिलं. पेंटर बोलावून दारावर पाटी रंगवून घेतली: ‘दि. म. ठवकर, एम.ए. (अपिअर्ड)’. अपिअर्ड म्हणजे परीक्षेला बसलेला. किती वेळ बसलेला ते पाटीवर लिहायची पद्धत नाही. बहिणीला आपणच शिकवलं असंही ते लोकांना सांगत. परीक्षेला मात्र पुन्हा कधी गेले नाहीत. महादेवरावांनी फीच द्यायची बंद केली होती.

पुढे बऱ्याच वर्षांनी गोपिका भाऊबीजेला कामठीला आली. ओवाळणीचं ताट ठेवून ओसरीवर आली, तर पाटीवरचा कंसातला शब्द दिसेना. बारीक अक्षर, पातळ रंग. पावसानं धुऊन निघाला होता. उरलं होतं नुसतं ‘एम.ए.’

“माय, पेंटर नाही बोलावला काय भाऊनं?”

“म्या म्हटलं तं म्हणते, राहू दे,” आतून भागीरथाबाई म्हणाल्या. “काय बिघडते, म्हणते.”

आरामखुर्चीत भैयाजी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपले होते. अशी त्यांची एम.ए. झाली.