खडेमिठाचं पेन

आमची पनवेलची बिल्डिंग ज्यांच्या जमिनीवर उभी आहे, ते आजोबा तळमजल्यावर राहतात. मी बाल्कनीत रेझिनची रंगीत पेनं बनवते, हे त्यांना कुठून कळलं देव जाणे. एक दिवस काचेची बाटली घेऊन आले आणि ती माझ्या हातात न देता खिडकीत ठेवली.

"मीठ हातात नाय देत, बाय. भांडणं होतात," म्हणाले. "आमच्या मिठागराचं शेवटचं हाय. तिथं आता कंटेनर रचलेत. नात परदेशी चाललीय, तिच्यासाठी पेन कर, त्यात घाल."

मी लगेच हो म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही! दार लावल्यावर आठवलं. मिठाला पाणी सुटतं, आणि ओल लागली की रेझिन दुधाळ, चिकट होतं. आधी घरचं मीठ घालून पाहिलं, तर नेमकं तसंच झालं.

म्हणून त्यांचं मीठ तव्यावर भाजायला घेतलं. अगं बाई! खडे तडतडून उडायलाच लागले. आतून सासूबाई ओरडल्या, "कुणाची दृष्ट काढतेयस गं?" मी गॅस बंद केला आणि ओट्याखाली रांगत एकेक खडा वेचला. हे मीठ वाण्याकडे थोडंच मिळणार होतं!

वाचलेले खडे पातळ, राखाडी-निळ्या रेझिनमध्ये काडीने फिरवले आणि ते कांडीच्या साच्यात ओतलं. कांडी घट्ट झाल्यावर कातायला लेथवर चढवली. एरवी लेथची मला भीती नाही, पण त्या दिवशी पटाशी अगदी हलकेच टेकवली. आणि व्हायचं तेच झालं. टक् आवाज आला, एक खडा निसटला, तिथं खड्डा पडला. मेले! भरायला बाटलीत कणही नव्हता. आणखी कातलं असतं, तर कांडीच फुटली असती. पाणी लागू न देता तशीच घासून चकचकीत केली आणि निब बसवून पेन जोडलं.

आजोबांपुढे पेन धरलं, तर त्यांनी हात मागे घेतला. मला वाटलं, खड्डा दिसला त्यांना, पेन नको झालं.

"आजोबा, चुकलं माझं..."

"खाली ठेव गो. आत मीठ हाय ना?"

मी टेबलावर ठेवलं. त्यांनी उचललं. बोट पेनावरून फिरत फिरत खड्ड्यापाशी थांबलं. मी घाबरून डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांनी तिथं जिभेचं टोक लावलं होतं.

"हाय," ते म्हणाले. "खारट हाय अजून."