चाचांचा ड्रमसेट आणि बायकोचा खोकला

वस्तू आवडली की तिला नावं ठेवत घ्यायची, असा आमच्या घरचा नियम आहे.

या नियमावर सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, सगळा संसार जमवलाय. साडी पोटाशी धरायची आणि तोंडानं "रंग जातोय वाटतं" म्हणायचं. दुकानदार अडून बसला की "चला हो, नकोच आपल्याला" म्हणत पायरी उतरायची. मागून हाक येतेच! (मला पसंत करतानाही तिनं हेच केलं होतं का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.)

तर भवानी पेठेत मेहबूबचाचांकडे जुना ड्रमसेट विकायला आहे असं कळलं आणि माझी झोप उडाली. कॉलेजात असताना मी ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचो, तोही मालकाचा. नोकरी लागली, ऑर्केस्ट्रा सुटला, हात मात्र थांबले नाहीत. टेबल, स्कूटरची सीट, भाकरीची परात, काही म्हणून सोडलं नाही. आपला स्वतःचा ड्रमसेट असावा, एवढी एकच इच्छा राहून गेली होती. खरं सांगतो, लई जीव अडकला होता त्यात.

"तुम्ही तोंड उघडायचं नाही," रिक्षात सुनंदानं बजावलं. "मी खोकले की उठायचं."

चाचांनी ताडपत्री ओढली. "भाईजान का है. शादियों में बजाते थे. देखो की, साब."

मी मोबाइलवर व्हिडिओ बघून पूर्ण तयारीनं गेलो होतो! ड्रमच्या अंगाला हवेचं भोक असतं, त्याभोवती कंपनीचा बिल्ला. तो रुमालानं पुसला. अक्षरं झिजलेली, पण बिल्ला मूळचा. टॉर्च मारून आत डोकावलो. खरं लाकूड, कुठं तडा नाही. स्क्रूसुद्धा सगळे एका जातीचे! म्हणजे अस्सल जुना विलायती माल.

"डबडंच आहे की हो," सुनंदा नियमानं म्हणाली. "गंज किती चढलाय!"

"लईच गंज आहे," मी म्हणालो, पण आवाज रडवेला निघाला.

"बजाके तो देखो," चाचा म्हणाले.

नुसती काठी टेकवून बघणार होतो, देवाशपथ! पण पहिला ठोका पडला आणि मी थेट कॉलेजात जाऊन पोचलो. सुनंदा खोकली म्हणे. पुन्हा खोकली. शेवटी तिला खरोखरचा ठसका लागला म्हणे! त्या दणदणाटात मला काय डोंबल ऐकू येणार? गल्ली जमली. पोरं नाचायला लागली. चाचा भावाच्या आठवणीनं डोळे पुसत होते.

थांबलो तेव्हा एका गणपती मंडळाचे अध्यक्ष बुलेटवरून उतरून समोर उभे. "चाचा, आवाज कडक हाय की! म्हणाल तो भाव देतो. मंडळाला पायजे."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. "ये साब पहले आये. बोलो साब, लेते क्या?"

'घेतो' म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात सुनंदा सवयीनं म्हणाली, "चला हो, नकोच आपल्याला!" आणि माझा दंड धरून पायरी उतरली.

कोपऱ्यापर्यंत आम्ही अगदी हळू चाललो. हाक काही आली नाही. टेम्पोत सामान चढवल्याचा आवाज तेवढा आला.

परतताना सुनंदा म्हणाली, "इतकं चांगलं वाजवता, मला कधी बोलला नाहीत." मला रडूच आलं.

परवा चाचांचा फोन. "साब, एक पुराना ताशा आया है. लेना नको, खाली बजाके जाव. गिराक आपोआप आता!"

मी लगेच शर्ट बदलला. जुन्या वाद्याचा भाव चढवून देणारा माणूस म्हणून पेठेत माझं नाव झालंय. घरी वाजवायला मात्र अजून भाकरीची परातच आहे!