बॅगेतलं दोन किलोचं वजन

अप्पांना ‘हलकं’ हा शब्द सहन होत नाही.

आमचा भांड्यांचा व्यापार. बिदरकडच्या औराद तालुक्यातल्या आठवडी बाजारांत अप्पा स्टीलची आणि पितळेची भांडी तोलून विकतात. आज या गावचा बाजार, उद्या त्या. गिऱ्हाईक पातेलं उचलतं, त्याला टिचकी मारतं आणि म्हणतं, ‘हलकं हाय की हो.’ एवढ्यानं सौदा मोडू शकतो. मग अप्पा ते पातेलं आपल्या हातात घेतात, स्वतः टिचकी मारतात आणि गिऱ्हाइकाच्या कानाशी धरतात. पातळ पत्र्याचा, दोन वर्षांत पोचे पडणारा माल तो हलका. हा शब्द बाजारातून आमच्या घरातही आला होता. मी कुणाची टर उडवली की अप्पा म्हणायचे, ‘हलकं बोलू नये.’ अक्काला आलेलं एक स्थळ त्यांनी ‘हलकी माणसं हायत’ एवढ्यावरच परत पाठवलं. आणि जे जे चांगलं, ते भारी.

अशा घरात मला लॅपटॉप घ्यायचा होता, आणि तो हलका हवा होता.

मी तेव्हा बिदरच्या कॉलेजात बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला होते. रोज गावाहून एसटीनं जायचे, एसटीनं यायचे. कॉलेजच्या लॅबमध्ये मुलं जास्त आणि कम्प्युटर कमी. एका कम्प्युटरपुढं दोघी बसायच्या. जिच्या हाताखाली कीबोर्ड यायचा ती शिकायची, दुसरी बघायची. मी बहुतेक बघणारी असायचे. सर म्हणाले, ज्यांना जमेल त्यांनी आता स्वतःचा लॅपटॉप आणा, पुढच्या वर्षी प्रोजेक्ट आहे.

हे मी घरी अप्पांना सांगितलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. अप्पा सातवीनंतर बाजारात बसले. ते न्हाणीजवळ हात धूत होते. मागे न बघताच म्हणाले, ‘घेऊ की.’

त्या दोन शब्दांबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. पण त्यांचं पुढचं वाक्य ऐकून मात्र माझा जीव खालीवर व्हायला लागला.

‘घ्यायचंच तर भारीच घेऊ,’ अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून बाजारात सगळ्यांना कळलं. पोरीला भारी कम्प्युटर घ्यायलोय. अप्पांच्या दुकानाशेजारी बांगड्यांचं दुकान लावणारे एक चाचा आहेत. त्यांनी कुणाच्या तरी मोबाइलवर बघून सांगितलं, की सगळ्यात भारी कम्प्युटर जाड असतो, मोठा असतो आणि त्याच्या बटणांखाली रंगीत दिवे लागतात. अप्पांच्या मनात तोच बसला. मीही मोबाइलवर तो शोधला. चांगलाच होता. त्याचं वजन सव्वादोन किलो, आणि चार्जर वेगळा, जवळजवळ विटेएवढा.

मला भीती त्या वजनाची होती. आमच्याच एसटीनं एक ताई जायच्या, माझ्यापुढं एक वर्ष. त्यांच्या भावानं त्यांना असाच मोठा लॅपटॉप घेऊन दिला होता. पंधरवडाभर त्यांनी तो आणला. मग खांदा दुखतोय म्हणून एक दिवस घरी ठेवला, मग दुसरा दिवस. पुढं तो कपाटात साडीत गुंडाळून राहिला आणि ताई लॅबमध्ये पुन्हा दुसऱ्यांच्या मागं उभ्या राहायला लागल्या. वर्षअखेरीला त्यांचे विषय राहिले, आणि एसटीत त्या दिसेनाशा झाल्या. कारण नुसतं लॅपटॉपचं नसेल. पण मी रोज त्यांच्या नेहमीच्या सीटकडं बघायचे आणि मनात म्हणायचे, माझा लॅपटॉप कपाटात जाता कामा नये. तो कपाटात गेला की मीही गेले.

त्या दिवसांत माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सकाळी एक लॅपटॉप पक्का करायचे, दुपारी दुसरा. बसवकल्याणचे मामा म्हणाले, मोठा स्क्रीन घे, डोळ्याला बरा. मैलूरला राहणारी मैत्रीण म्हणाली, मेमरी बघ, बाकी काही बघू नको. तिचं घर कॉलेजपासून जवळ. तिला वजनाचा प्रश्नच नव्हता. व्हिडिओत एक जण सांगायचा हाच घ्या, दुसरा सांगायचा हा सोडून कुठलाही घ्या. आमच्या घरात आजवर वस्तू कुणी निवडून आणली नव्हती. जे मिळालं ते वापरलं, जे राहिलं ते आपलं. त्यामुळं निवडायचं कसं, हे मला माहीतच नव्हतं. भाकरी थापताना हात थांबायचा. आई, आमची अव्वा, म्हणायची, ‘तव्यावर लक्ष दे गं, जळायलीय.’

मग मला एक गोष्ट सुचली. प्रत्येक लॅपटॉपचं वजन मोबाइलवर लिहिलेलं असतं, आणि वजनं तर आमच्या घरातच होती.

अप्पांनी बॅटरीचा काटा घेतल्यापासून जुनी लोखंडी वजनं खाटेखालच्या पेटीत पडून होती. मी दोन किलोचं वजन काढलं, अर्धा किलोचं काढलं, टॉवेलात गुंडाळलं आणि पुस्तकांबरोबर बॅगेत टाकलं. हा झाला अप्पांचा लॅपटॉप. यातलं मी घरी काहीच बोलले नाही.

एसटीत जागा मिळाली नाही. आमच्याकडं उभ्या पोरींची बॅग बसलेली बाई मांडीवर घेते. दवाखान्यात कामाला जाणाऱ्या एका मावशींनी हात पुढं केला, बॅग ओढली आणि ती त्यांच्या मांडीवर आपटली.

‘अगं माय! दगडं भरलीस का काय?’

‘वजन हाय मावशी.’

‘ते कळालंय की मला! कशाचं?’

‘वजनाचंच.’

मावशींनी चेन उघडून टॉवेल बाजूला केला. लोखंडी वजनाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. ‘कॉलेजात आता तराजूबी शिकवायलेत व्हय?’

पुढच्या दोन सीटा हसल्या. मीही हसले, पण स्टँडपासून कॉलेजपर्यंत चालताना हसू राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी एक किलो आणि अर्धा किलो नेलं, हा झाला माझ्या मनातला लॅपटॉप. तिसऱ्या दिवशी परत दोन आणि अर्धा, कारण मला वाटलं, सवय झाली तर अप्पांचं मन मोडायला नको. चौथ्या दिवशी डावा खांदा उचलेना. तरी मी तीच बॅग उचलली. त्या दिवशी औरादचा बाजार होता, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

दुपारी लॅबमध्ये असताना अप्पांचा फोन आला. मी पळत व्हरांड्यात गेले. मागं बाजाराचा गलका ऐकू येत होता.

‘दोन किलोचं कुठं हाय?’ अप्पांनी विचारलं.

माझ्या डोक्यात चोवीस तास लॅपटॉप. मला वाटलं ते दुकानात चौकशी करायला लागलेत. एवढ्या दिवसांचं साठलेलं एका दमात बाहेर पडलं. ‘दोन किलोचं नको अप्पा, खांदा मोडतोय. दीड किलोचं बघा.’



‘दीड किलोचं वजन असतंय व्हय गं?’ अप्पा म्हणाले. ‘काट्याची बॅटरी उतरलीय, गिऱ्हाईक उभं हाय, घरून तराजू आन पेटी मागवली तर त्यात दोन किलोचं न्हाई. तू काय बोलायलीस?’

 मी एवढंच म्हणाले, ‘माझ्या बॅगेत हाय.’

संध्याकाळी औरादला एसटीतून उतरले ती थेट बाजारात गेले. धान्यवाल्याकडून वजन उसनं आणून अप्पांनी दिवस काढला होता. मला बघून बांगड्यांच्या चाचांना चेव आला. ‘आ गई! क्या भाई, बेटी का कंप्यूटर लेने कू वजनां बेच डाले बोलके हम समझे!’

अप्पा हसले नाहीत. त्यांनी वजन काढायला माझ्या खांद्यावरची बॅग घेतली आणि ती तशीच पट्ट्याला धरून उभे राहिले. थोडी वर केली, थोडी खाली.

‘हे घेऊन रोज जायलीस?’

‘चार दिस झाले.’

‘कामून?’

‘भारीवाल्याचं एवढंच वजन हाय. झेपतंय का बघायलते.’

‘मग तोंडानं सांगायचं की.’

‘हलकं म्हणल्यावर तुम्हाला राग येतोय.’

‘येणारच की,’ अप्पा म्हणाले. ‘लोकं काय म्हणतील? भांडेवाल्यानं पोरीला हलकं घेऊन दिलं.’

घरी जेवताना त्यांनी हे सगळं अव्वाला सांगितलं. अव्वा भालकीकडची, कन्नड घरातली. अप्पांशी तिची अर्धी बोली कन्नड, अर्धी मराठी. ती ताटात वरण वाढत म्हणाली, ‘अदक्क येन री? त्यात काय एवढं? हलकं म्हणू नका. हगूर म्हणा.’

हगूर म्हणजे वजनाला कमी. फुलासारखं, सुपातल्या पोह्यासारखं. आमच्याकडं खराब मालाला हगूर कुणी म्हणत नाही. दोन्ही भाषा आमच्या घरात जन्मापासून नांदत होत्या, पण मी महिनाभर एकीतच अडकून बसले होते. अप्पांनी मान वर केली नाही. भाकरीचा तुकडा वरणात बुडवून म्हणाले, ‘बघू.’

त्या ‘बघू’नं माझी तगमग आणखी वाढली. अप्पांच्या ‘बघू’चे दोन अर्थ होतात, आणि ते कळायला वेळ लागतो. वजनं पेटीत परत गेली, पेटीला कुलूप लागलं. मी रोज नवी यादी मनात करायचे आणि एसटी बिदरला पोचेपर्यंत ती मोडायची.

शेवटी एका सकाळी बाजार नव्हता तेव्हा अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून म्हणाले, ‘चल.’

बिदरच्या लॅपटॉपच्या दुकानात तिथल्या मुलानं पहिलाच तो दिव्यांचा लॅपटॉप समोर ठेवला. बटणांखाली लाल, निळे रंग पळत होते. अप्पा ते रंग बघत राहिले. मग त्यांनी तो बंद केला, हातात तोलला आणि वर सणसणीत टिचकी मारली.

‘चाचा, हौले हौले!’ दुकानदार काउंटरमागून उठला. ‘बर्तन नै है वो.’

‘आवाज न्हाई याला,’ अप्पा मला म्हणाले. मग दुकानदाराकडं वळून त्यांनी कन्नडमध्ये सांगितलं, ‘हगूर इद्दद्दु तोरसरी.’ वजनाला कमी असलेला दाखवा.

मी अप्पांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते.

दुकानदारानं एक छोटा प्लॅस्टिकचा लॅपटॉप आणला. स्वस्तातला, मेमरी अगदीच कमी. मी काही बोलायच्या आधी अप्पांनी त्याचा कोपरा अंगठ्यानं दाबला. तो करकरला.

‘हे हलकं हाय,’ अप्पा म्हणाले. ‘हलकं नको. हगूर पाहिजे.’

दुकानदार माझ्या तोंडाकडं बघायला लागला. मला हसूही येत होतं आणि डोळेही भरत होते. मी त्याला समजावलं, वजन कमी, पण बॉडी चांगली, मेमरी पुरेशी. तो मान हलवत आत गेला आणि एक राखाडी, धातूच्या झाकणाचा लॅपटॉप घेऊन आला. अप्पांनी टिचकी मारली, या वेळी हळूच. बारीकसा आवाज आला. ते कान देऊन उभे राहिले.

‘चार्जिंग किती टिकतंय?’ त्यांनी विचारलं. बाजारच्या दिवशी काटा बंद पडलेला माणूस हे विचारणारच.

बाकीचं सगळं मला विचारू दिलं. मेमरी, वॉरंटी, दुरुस्ती बिदरलाच होते का हैदराबादला पाठवावं लागतं. मी कीबोर्डवर आमच्या गावाचं नाव टाइप करून बघितलं. बटणं मऊ होती. अप्पांनी मधे एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी एवढंच म्हणाले, ‘तुला पसंत हाय?’

‘व्हय,’ मी म्हणाले, आणि त्याच क्षणी मला वाटलं, स्क्रीन लहान तर नाही ना? मामा बरोबर होते का? पण तोवर खोकं बांधून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप बॅगेत घालून एसटीत चढले. जागा नव्हती. मावशींनी सवयीनं दोन्ही हात पुढं केले, बॅग घेतली, आणि जोर जास्त लावल्यामुळं ती त्यांच्या हनुवटीपर्यंत उडाली.

‘आज रिकामीच आलीस व्हय गं?’

‘न्हाई मावशी, हाय आत.’

असं म्हणाले खरी, पण बॅग इतकी कमी वजनाची होती, की मलाच शंका आली. घरी टेबलावरच राहिला की काय? मी त्यांच्या मांडीवर वाकले, चेन अर्धी उघडली आणि हात घालून ते गार झाकण चाचपलं. होता. चेन लावली. दोन थांबे गेले, आणि मी परत वाकले.

पदवी मिळेपर्यंत त्या एसटीत माझी ही खोड गेली नाही. मावशी शेवटी शेवटी चेन लावायच्याच नाहीत. बॅग उघडीच मांडीवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, ‘बघ माय बघ, हाय तुझं.’