दुपारीच अडकणारा कॉम्प्युटर

माझ्या बाबांचा आवाज अकोल्याच्या घरात टेबलावर असतो. एक काळा डबा, पडदा, मोठ्या अक्षरांचा कीबोर्ड आणि दोन लहान स्पीकर. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा मूळ आवाज गेला. तेव्हापासून ते टाइप करतात आणि कॉम्प्युटर ते मोठ्याने वाचून दाखवतो. आवाज बाईचा आहे. पहिल्या दिवशी बाबांनी टाइप केलं, "जन्मभर कोर्टात वकिली केली, अन आता बाईच्या आवाजात बोलू?" त्या बाईनेच ते वाक्य गंभीरपणे वाचून दाखवलं आणि आम्ही पोट धरून हसलो. बाबाही हसले.

मोबाइलवर का नाही, असं सगळे विचारतात. त्यांचे हात थरथरतात, काचेवर बोट ठेवलं एकीकडे तर उमटतं भलतीकडे. कीबोर्डची बटणं मोठी, दाबल्यावर कळतात, त्यामुळे तिथे त्यांचं बरोबर जमतं. कोर्टात ते शुद्ध बोलायचे, घरात पक्कं वऱ्हाडी. टाइपही वऱ्हाडीतच करतात. "काहून" आणि "करून राहिलो" त्या बाईच्या तोंडून ऐकले की वाटतं, पुण्याची सून अकोल्यात नांदायला आली आहे.

दुपारी चारला बाबांचे जुने वकील मित्र चहाला येतात, ही आमच्या घराची फार जुनी रीत. राजकारण, क्रिकेट, कोणाची सून कशी, सगळ्याचा निकाल तिथे लागतो. आवाज गेल्यावरही ती बैठक सुटली नाही, कारण कॉम्प्युटर होता. मग गेल्या उन्हाळ्यात तो अडकायला लागला.

अडकायचा म्हणजे कसा, तर आधी हळू व्हायचा. बाबांनी टाइप केलेली अक्षरं पडद्यावर रमतगमत यायची. मग बाई वाक्याच्या मध्येच गप्प व्हायची. माउस हलवा, बाण हलत नाही. बंद करून चालू केला की थोडा वेळ बरा, मग पुन्हा तेच. मित्र भले होते. ते वाट पाहायचे, मग बाबांचं वाक्य स्वतःच पुरं करायचे. ते नेमकं चुकीचं असायचं. बाबा मान हलवून नाही म्हणायचे, मित्र दुसरं वाक्य सुचवायचे. शेवटी ते आपसातच बोलायचे आणि बाबा ऐकत बसायचे. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं मध्येच तोडलं, त्याला असं बसलेलं मला बघवत नव्हतं.

मी अमरावतीला असते, ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. भाऊ पुण्याला, कॉम्प्युटरच्याच नोकरीत. त्याने पुण्यातून दूरवरून त्या मशीनमध्ये शिरून जे जे करायचं ते केलं. नको ते प्रोग्राम काढले, व्हायरस शोधला, सगळं अपडेट केलं. तो सकाळी ऑफिसआधी बघायचा, तेव्हा मशीन सरळ चालायचं. मग एक दिवस मला फोनवर म्हणाला, "ताई, मशीनमध्ये काही नाही. बाबांचं वय झालंय. काहीतरी चुकीचं दाबत असतील. त्यापेक्षा आई-बाबांना पुण्याला घेऊन येतो."

हे बाबांच्या कानावर गेलं. कसं गेलं विचारू नका, आमच्या आईच्या तोंडात तीळ भिजत नाही. बाबांनी टाइप केलं, "आरोप करणाऱ्यानं तो सिद्ध करावा." आणि त्यानंतर कीबोर्डला हातच लावेनात. हवं-नको मानेने सांगायचे. मित्र आले की डोळे मिटून पडायचे. आई फोनवर म्हणाली, "दोन दिवस झाले, यायनं एक शब्द काढला नाही." मला इतका राग आला, की कोणावर काढावा तेच समजेना. मशीनला राग समजत नाही, भावाला समजतो, म्हणून त्याच्यावर काढला. म्हटलं, "पुण्याला नेऊन तिथे मुक्याने बसवशील का त्यांना? आधी बिघाड शोधू." तो म्हणाला, नवीन घेऊन टाकतो. म्हटलं, जुनं कशाने बिघडलं हे माहीत नसताना नवं घेणं म्हणजे गळक्या माठाखाली दुसरा माठ ठेवणं. थांब जरा.

मी अकोल्याला गेले, तो डबा सुटा केला, आईच्या जुन्या चादरीत गुंडाळला आणि एसटीत मांडीवर घेऊन अमरावतीला निघाले. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, बाळ झोपलं का?" मूर्तिजापूर येईपर्यंत माझे दोन्ही पाय बधिर झाले होते, पण खाली ठेवला नाही. अमरावतीच्या दुकानदाराने डबा दाराबाहेर नेऊन उघडला, ब्लोअरने धूळ उडवली. "अकोल्याची धूळ," एवढंच म्हणाला. मग आतली जुनी डिस्क काढून नवी टाकली आणि छातीठोक सांगितलं, आता घोड्यासारखा पळेल. माझ्या घरी मी तो रोज तासन्‌तास चालवला. पळालाच. मी विजयी मुद्रेने परत अकोल्याला नेऊन लावला, बाबांना हात धरून खुर्चीत बसवलं. ते अर्धा दिवस बोलले. दुसऱ्याच दुपारी मित्रांसमोर बाई वाक्यात अडकली. बाबांनी कीबोर्ड पुढे सरकवला आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तेव्हा माझं डोकं फिरलं. उन्हाळ्याची सुटी लागलीच होती. अमरावतीला नवऱ्याला फोन केला, "तुमचं तुम्ही बघा, मी याचा छडा लावल्याशिवाय येत नाही." नवरा म्हणाला, "वकिलाची पोरगी." हे कौतुक नव्हतं, पण मी तसंच घेतलं.

सकाळपासून मी त्या मशीनपुढे ठाण मांडलं. अमरावतीत चालतं, अकोल्यात अडकतं. सकाळी चालतं, दुपारी अडकतं. म्हणजे दोष मशीनच्या आत कमी आणि दुपारच्या अकोल्यात जास्त. पहिला संशय अर्थातच उन्हावर. अकोल्याचं ऊन असं, की नळाखाली हात धरला तर हात मागे घ्यावा लागतो. मशीन तापत असणार. आई लगेच म्हणाली, "अवं, तापू कशाले देईन मी? हे घेतलं त्याच दिवशी दुकानदारानं सांगतलं होतं, याले थंड ठेवा. दुपारचा कूलर मी याच्याकडेच फिरवून ठेवते." आणि खरंच, खिडकीतल्या कूलरचा सगळा झोत टेबलावर यायचा. त्या गार वाऱ्यात मशीन तापायचा प्रश्न नव्हता.

दुसरा संशय विजेवर. कूलर चालू झाला की दिवा क्षणभर मंदावतो, हे मी पाहिलं होतं. मग कॉम्प्युटरची तार स्वयंपाकघरातल्या वेगळ्या लाइनवर नेली, त्यात इन्व्हर्टर होता. लांब तार घरभर लोळत होती, आई तिला ओलांडताना दर वेळी काहीतरी पुटपुटायची. तरी दुपारी मशीन अडकलंच. मी टेबलावर हात आपटला. बाबांनी कागदावर वाकड्या अक्षरात लिहून दिलं, "पोरी, केस सोड. पुराव्याअभावी." मला रडू आलं, पण त्यांच्यासमोर रडले असते तर केस तिथेच संपली असती. मी म्हटलं, "तुम्ही कधी सोडली होती का एखादी?"

पुढच्या दुपारी वीज गेली. इन्व्हर्टरवर पंखा आणि कॉम्प्युटर चालला, कूलर बंद. खोलीची भट्टी झाली. मी कशीबशी बाबांना म्हटलं, नुसतं बघायचं म्हणून टाइप करा. त्यांनी अनिच्छेने दोन शब्द टाकले. बाईने वाचले. मग दोन ओळी. मग ते विसरूनच गेले आणि शेजारच्या प्लॉटच्या भांडणाची अख्खी कहाणी त्यांनी सांगून टाकली, कपाळावरून घामाच्या धारा वाहत असताना. मशीन एकदाही अडकलं नाही. चहाच्या सुमारास वीज आली, आईने धावत जाऊन कूलर लावला, आणि मित्र येऊन बसेपर्यंत बाई पुन्हा आचके द्यायला लागली.

उन्हात चालतं आणि गारव्यात अडकतं. मी उठून सगळं बंद केलं, तारा काढल्या आणि मित्रांना सांगितलं, आज काळजी नको, चहा घ्या, पण कोणी बोलू नका. वकील लोक, पण ऐकलं.

डबा बाहेरून स्वच्छ होता, आई रोज ओल्या फडक्याने पुसायची. मागे जाळीशी बोट फिरवलं, तर बोटाला पांढरं लागलं. स्क्रू काढून बाजूचा पत्रा उघडला. आतला पंखा पांढरा, पट्ट्यांच्या कडा पांढऱ्या, मेमरीची पट्टी बसते त्या खाचेत पांढरी कड. दुकानदाराने वरचं उडवलं होतं, खाचेतलं तसंच होतं, आणि वरचंही पुन्हा जमायला लागलं होतं. मी जन्मभर पोरांना बजावलं आहे, की प्रयोगशाळेत काहीही जिभेला लावायचं नाही. मी लावलं. खारट होतं.

अकोल्याकडच्या खारपाण पट्ट्यात वाढलेल्या माणसाला ही चव सांगावी लागत नाही. आमच्या बोअरचं पाणी खारं. नळाचं गोडं पाणी अधूनमधून येतं, ते कोणी कूलरात ओतत नाही, ते पिण्याचं. बादलीवर, नळावर, कूलरच्या वाळ्याच्या तट्ट्यांवर उन्हाळाभर पांढरा थर चढतो आणि आम्ही तो खरवडून काढतो. ते घराच्या भिंतींसारखंच असतं, कोणाला दिसत नाही. कूलरच्या त्याच ओल्या खाऱ्या वाऱ्यापुढे आमची आई रोज दुपारी बाबांचा आवाज ठेवत होती. ओल आली की खाचेतल्या मिठातून वीज भलतीकडे वाहायची, मशीन अडखळायचं. सुकलं की पुन्हा शहाणं व्हायचं.

मी हे सगळ्यांना समजावून सांगितलं, अगदी वर्गात सांगावं तसं, उत्साहात. बाबांचे मित्र माना डोलवत होते. मग आईचा आवाज आला, अगदी हळू.

"मंजे यायचं बोलणं मीच बंद पाडत होती का?"

तिने हातातला ट्रे ठेवला आणि आत गेली. तेव्हा मला दिसलं, की कूलरचा सगळा वारा टेबलाकडे म्हणजे ती दुपारी पडायची त्या दिवाणावर वाराच नाही. सगळा उन्हाळा दुपारी ती स्वयंपाकघराच्या फरशीवर, दाराच्या उंबऱ्याशी, ओला पंचा मानेवर टाकून पडत होती. मी आले तेव्हापासून रोज पाहत होते. मला वाटलं, तिला तिथेच बरं वाटत असेल.

रंगाच्या ब्रशने मी खाच न्‌ खाच झाडली. मेमरीची पट्टी काढून तिचे पिवळे दात खोडरबराने घासले, पंख्याच्या पात्या कापसाने पुसल्या. घाई केली नाही. बाबा माझ्या शेजारी बसून एकेक स्क्रू हातात घेऊन ठेवत होते, थरथरत्या हातातून एकही पडू दिला नाही. मशीन उचलून आतल्या भिंतीशी, वाऱ्याच्या वाटेतून दूर ठेवलं. दुसऱ्या दिवशी कूलर दुपारभर चालवला, मुद्दाम. मित्र आले, बैठक बसली, बाई अडकली नाही. भावाला मी फोन लावून तो स्पीकरजवळ धरला. बाबांनी टाइप केलं, "आरोपी निर्दोष. माफी मागायची असन तं सुटी काढून ये." भाऊ हसला, मग माफीही मागितली.

पण आई बाहेर येत नव्हती. चहा ठेवायची आणि जायची. बाबा हे पाहत होते. मित्र गेल्यावर त्यांनी मला खूण केली, हिला बोलाव. ती पदराला हात पुसत दारात उभी राहिली. बाबा टाइप करायला लागले, सावकाश, नेहमीपेक्षाही सावकाश. मग बाईने वाचलं.

"साक्षीदारावर माहा कोनताच आरोप नाही."

बटणांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

"कूलर तुह्याकडे फिरव. सारा उन्हाळा तू फरशीवर पडली. मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी बोलून राहिले होते ना," आई म्हणाली. "मंग मी कशाले मधात बोलू?"

बाबांची बोटं कीबोर्डवर होती. पडद्यावर एक अक्षर आलं आणि पुढे काहीच येईना. आम्ही दोघी वाट पाहत होतो. मला वाटलं, पुन्हा अडकलं की काय. मी वाकून माउस हलवून पाहिला. बाण सुरळीत फिरत होता. मशीन चालू होतं. अडकले होते ते बाबा.