खंडेनवमीला पूजलेलं पुस्तक

उदगीरच्या मिशनच्या देवळात, वेदीच्या उजव्या हाताला, एक सागवानी कपाट होतं आणि त्या कपाटाची किल्ली नीलाबाईच्या कमरेला असे. चर्चला तिथली ख्रिस्ती माणसं देऊळच म्हणत, त्यामुळे नवख्या माणसाचा हमखास घोटाळा व्हायचा. पण "पुस्तकवाल्या बाईचं देऊळ" म्हटलं की टांगेवाला नेमका दारात आणून सोडायचा. पंचमंडळींना हे मुळीच आवडत नसे. देऊळ देवाचं, बाईचं कसं, हा त्यांचा सवाल. सवाल बरोबरच होता, पण टांगेवाल्याला कोण शिकवणार!

हे कपाट सिद्धराम मास्तरांनी उभं केलेलं. मास्तर म्हणजे नीलाबाईचा नवरा. मिशनच्या शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात जिथून मिळेल तिथून मराठी पुस्तकं गोळा करायचे. निजामाच्या राज्यात कचेरी उर्दूची, शाळा उर्दूची. मराठी वाचनालय काढायचं म्हटलं की अर्ज करा, इजाजत मागा, आणि मग फौजदारसाहेबांच्या शंका फेडत बसा. देवळातल्या कपाटाकडे मात्र कुणी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. मास्तरांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं की जो मागेल त्याला पुस्तक द्यायचं, त्याचा देव कोणता ते विचारायचं नाही. पुढं मास्तर तीन दिवसांच्या तापात गेले. नीलाबाईला मूल नव्हतं, शेत नव्हतं, माहेर उरलं नव्हतं. एकशे ऐंशी पुस्तकं तेवढी उरली. ती म्हणायची, "देवानं माझं लई घेतलं, पर हे कपाट ठिवलं. त्येच्या उपकाराला मी कमी पडले न्हाई पायजे."

पुस्तक देण्याची तिची रीत न्यारी होती. रविवारी उपासना संपल्यावर आणि बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत ती कपाट उघडून बसायची. कोणतं हवं असं विचारायची नाही. माणसाचं तोंड बघायची, थोडं इकडचं तिकडचं बोलायची आणि आपल्या मनानं पुस्तक काढून हातात द्यायची. वकिलाच्या आईला प्रवासवर्णन, अडतीवरच्या दिवाणजीला रोगराईचं पुस्तक, असं तिचं चालायचं. लोक कुरकुरत, पण घेऊन जात, आणि पुढच्या खेपेला गुपचूप तसलंच दुसरं मागत.

पुस्तक देताना मात्र तिचं एक सोवळं होतं. हो, सोवळंच म्हणायला हवं, मग पंच काही म्हणोत. हात धुतल्याशिवाय पुस्तकाला हात लावायचा नाही. पाय लागू द्यायचा नाही. धुतलेल्या फडक्यात गुंडाळून न्यायचं आणि घरात उंच, स्वच्छ जागी ठेवायचं. महायुद्धामुळे कागद मिळेनासा झाला होता, फाटलेलं पुस्तक पुन्हा येणार नव्हतं. म्हणून नीलाबाई हे नियम प्रत्येकाला तोंडपाठ म्हणायला लावायची.

शिवकन्येनंही ते म्हटले होते. ही बाई दीड कोसावरच्या खेड्यातली, पस्तिशीची, घरची शेती करणारी. बाजारात शेंगा विकायला यायची आणि शेंगा संपल्या की देवळाच्या पायरीवर सावलीला टेकायची. एक दिवस तिनं दारातूनच विचारलं, "अक्का, ह्या कपाटात काय हाय?" नीलाबाई म्हणाली, "वाचून बघ." शिवकन्या हसली. "मला कुठं येतंय?" त्याच दिवशी पायरीवर खडूनं पहिली दोन अक्षरं उमटली. दर बाजाराला चार चार अक्षरं करता करता दीड वर्ष गेलं. मधे पेरणी आली, सासू आजारी पडली, एकदा शिवकन्या तीन महिने फिरकलीच नाही आणि आली तेव्हा अर्धी अक्षरं विसरून आली. नीलाबाईनं कपाळावर हात मारला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी श्रावणात नीलाबाईनं तिच्या हातात एक खरंखुरं पुस्तक ठेवलं. समुद्रावरच्या एका नावाड्याची गोष्ट, मोठ्या टायपातली. मिशनच्या छापखान्यातलं असल्यामुळे वरच्या पुठ्ठ्यावर मधोमध क्रूस छापलेला होता.

दसऱ्यानंतरच्या बाजाराला ते पुस्तक परत आलं, आणि इथंच सगळं बिनसलं. नीलाबाई त्या दिवशी तापानं घरी पडून होती. कपाटाची किल्ली शिवप्पांकडे होती. शिवप्पा म्हणजे पंचांतले सगळ्यांत वडील, साठी उलटलेले, आवाज असा की प्रार्थनेलाही दरडावल्यासारखा वाटायचा. शिवकन्येनं फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक दोन्ही हातांनी त्यांच्या स्वाधीन केलं आणि आपली निघून गेली. शिवप्पांनी फडकं सोडलं. पुठ्ठ्यावर हळदीची बोटं ओढलेली होती. क्रूसावर बरोबर मधोमध ठसठशीत कुंकू लावलेलं. आत पानापानांत झेंडूच्या पाकळ्या, त्यांचे पिवळे डाग, आणि शेवटच्या पानाला चिकटलेल्या अक्षता.

पुस्तकाला कुंकू लागलंय, रविवारी पंच बसणार, असा निरोप संध्याकाळच्या आत नीलाबाईकडे पोचला. ताप अंगात होता तरी ती उठून बसली. पंच काय ठरवणार हे तिला सांगायला नको होतं. शिवप्पा कितीतरी दिवस म्हणत होते की देवळाची पुस्तकं देवळाच्याच माणसांना द्यावीत. आता त्यांच्या हातात आयतंच कोलीत आलं होतं. म्हणजे वकिलाची आई बंद, दिवाणजी बंद, शिवकन्या बंद. मास्तरांनी जे सुरू केलं ते तिच्या हातून संपणार. ती पडल्या पडल्या रडली, आणि मग स्वतःवरच चिडून डोळे पुसले.

पुस्तक तिला रविवारी सकाळी बघायला मिळालं. तिनं ते उलटसुलट केलं आणि तिला एकदम उमगलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. शेतकऱ्याच्या घरी त्या दिवशी विळा, खुरपं, कुळवाची लोखंडी फास धुवून मांडतात आणि पूजतात. त्यांच्या रांगेत शिवकन्येनं पुस्तक ठेवलेलं. आणि का ठेवणार नाही? हात धुवून घे, पाय लावू नको, स्वच्छ फडक्यात ठेव, उंच जागी ठेव. अर्धी पूजा तर नीलाबाईनंच शिकवली होती! राहिलं होतं ते हळदकुंकू, ते त्या बिचारीनं आपल्या पदरचं घातलं. नीलाबाईला हसू फुटलं आणि त्याच दमात पंच आठवले.

उपासनेनंतर पंच बसले. देवळाचे धर्मगुरू मल्लिकार्जुन पाळक तरुण होते, मऊ स्वभावाचे, भांडण निघालं की घसा खाकरायचे. शिवप्पांनी पुस्तक टेबलावर आपटलं नाही, पण आपटल्यासारखंच ठेवलं.

"बगा पाळकसाहेब. क्रूसाला कुंकू! आपन मूर्तिपूजा सोडली ती हेच्यासाठी? बाहेरच्यांला पुस्तकं देणं आजपासून बंद करा. आन हे कपाटात ठिवू नका. बाटलं हे पुस्तक."

पंचांच्या बैठकीत बायका बोलत नसत. नीलाबाई इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हती. आज ती पदर सावरून उभी राहिली.

"शिवप्पाकाका," ती म्हणाली, "'बाटलं' हा शब्द आपण तरी काढू नये."

शिवप्पांच्या बापाला तहान लागलेली असताना गावच्या आडावरून हाकलून दिलं होतं, पाणी बाटेल म्हणून. ही गोष्ट शिवप्पांनीच दरवर्षी, आपण ख्रिस्ती का झालो याची साक्ष देताना, देवळात सांगितलेली. सगळ्यांना पाठ होती.

"आणि चूक तिची न्हाई, माझी हाय," नीलाबाई पुढं म्हणाली. "पुस्तक देवावानी सांभाळायला मीच शिकवलं. तिनं शिकवल्यापेक्षा दोन पावलं जास्त टाकली, एवढंच. काय शिक्षा करायची ती मला करा. कपाट बंद करू नका."

पाळकसाहेबांनी घसा खाकरला. तेवढ्यात दाराशी बांगड्या वाजल्या.

शिवकन्या उभी होती. नीलाबाई तापानं पडली हे तिला त्या बाजारीच कळलं होतं, म्हणून ती गवती चहाची जुडी घेऊन बघायला आली होती. घराला कडी दिसली, तशी देवळाकडे वळली. आतलं शेवटचं बोलणं तिनं ऐकलं होतं. एरवी ती पायरीच्या वर कधी चढली नव्हती. देवळात गेली म्हणजे ख्रिस्ती झाली, असं तिच्या खेड्यात म्हणायला कुणी कमी करणार नव्हतं, आणि तिचा सासरा तर जिभेचा फार तिखट. तिनं क्षणभर मागं वळून रस्त्याकडे पाहिलं, मग वहाणा काढल्या आणि सरळ आत आली.

"माझ्यामुळं अक्काला बोल लागून राहिला का?" तिनं विचारलं. "कामून? मी पुस्तक फाडलं का?"

"कुंकू कामून लावलं, बाई?" शिवप्पांनी विचारलं. आवाज मघापेक्षा उतरला होता.

"लावू नको व्हतं व्हय?" शिवकन्या गोंधळली. "आमच्यात ज्याच्यावर जगणं हाय त्याची नवमीला पूजा करतेत. विळ्यानं पोट भरतंय. पर मी सांच्याला दिस मावळायच्या आत उंबऱ्यात बसून दोन पानं वाचते, तवा दिवसभराचं सासूचं बोलणं, उन्हाचा ताप, समदं मागं पडतंय. तो नावाडी समुद्रात एकटाच, तरी हात चालवीतच ऱ्हातो. मी म्हनलं, विळ्याला फूल आन ह्याला न्हाई, हे बरं दिसत न्हाई. नवमी आन दसरा, दोन दिस त्याला इसावा बी दिला. वाचलं न्हाई. बैलाला देताव तसा."

एक पंच खुदकन हसला आणि शिवप्पांकडे बघून गप्प झाला.

"आपण कापणीच्या सणाला भोपळे नि कोंबड्या आणून ह्याच वेदीपुढं ठेवतो," पाळकसाहेब हळूच म्हणाले. "देवाचे उपकार मानायलाच ना? बाईंनी आपल्या रीतीनं तेच केलं. वस्तूची पूजा आपल्यात चालत नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं." मग त्यांना दोन्ही बाजू राखणारी तोड सुचली, आणि तिच्यावर ते स्वतःच खूश झाले. "असं करू. हे पुस्तक आता देवळात ठेवायला अवघड. ते आमच्याकडून यांना भेट देऊ. घरी नेतील, मग काहीही करोत."

शिवप्पांनी मान हलवली. त्यांना ते पटलं. पुस्तक शिवकन्येच्या हातात आलं. तिच्या घरात कागदाचा तुकडासुद्धा स्वतःचा नव्हता. तिनं पुठ्ठ्यावरून हात फिरवला, उघडून पहिलं पान बघितलं, आणि नीलाबाईला वाटलं, चला, निदान हिला तरी एक पुस्तक मिळालं. कपाट गेलं तर गेलं.

शिवकन्येनं पुस्तक मिटलं आणि परत टेबलावर ठेवलं.

"नगं," ती म्हणाली. "माझ्या घरी गेलं तर माझ्यापाशीच ऱ्हाईल. मी माझ्या जावंला अक्षरं शिकवून राहिले. ती आता जोडून वाचाया लागली. तिनं बी अक्काच्या हातूनच घ्यावं. मी घरी न्हेलं तर तिच्या वाटणीचं काय? तिच्यामागं आनखी कुणी असंल तिचं काय? हितंच ऱ्हाऊ द्या. पुसून द्यायचं असंल तर मी पुसते."

आणि खरोखरच ती पदराच्या टोकानं कुंकू पुसायला लागली. ते निघेना. कागदानं पार पिऊन टाकलं होतं.

"ऱ्हाऊ दे," शिवप्पा म्हणाले. "पुसू नगंस. आनखी पसरंल." त्यांनी तिच्या हातून पुस्तक काढून घेतलं. मग स्वतः उठले, कपाटापाशी गेले आणि रिकाम्या खाचेत पुस्तक नीट सरकवून दिलं. हे करताना त्यांनी आधी धोतराला दोन्ही हात पुसून घेतले, ते नीलाबाईच्या नजरेतून सुटलं नाही.

"तुझ्या जावंला सांग," ते कपाटाकडेच तोंड करून म्हणाले, "कुंकू लावायचं न्हाई."

"न्हाई लावणार," शिवकन्या म्हणाली. "पर हात तर जोडंल ती. तेवढं चालंल का?"

शिवप्पा वळले. त्यांचे डोळे ओले झाले होते आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून ते उगीचच कपाळ चोळत होते.

"हात आमी बी जोडताव, लेकी," ते म्हणाले.

नीलाबाईनं मनातल्या मनात देवाचे आभार मानले, मास्तरांचेही मानले, आणि शिवकन्येच्या तोंडाकडे नीट निरखून बघत पुढचं पुस्तक शोधायला लागली.