डाव्या हाताच्या बांगड्या

आमच्या डहाणूत मालिश म्हणजे अंग रगडून घेणं. उठल्यावर हाडं मोकळी झाली नाहीत तर बाईला वाटतं, आपल्याला फसवलं. अशा गावात मी २०१५ साली मुंबईहून भलतंच काम शिकून आले. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या की काही बायकांच्या हातात पाणी साठतं आणि हात सुजून जड होतो. मानेपासून सुरुवात करून, कातडी नुसती हलकेच सरकवत, त्या पाण्याला चांगल्या बाजूने वाट करून द्यायची. तेल नाही, शेक नाही, जोर तर नाहीच. शेवटी हाताला पट्ट्या गुंडाळायच्या. माझ्या पहिल्याच पेशंटने सगळं आटोपल्यावर विचारलं होतं की सुरू कधी करणार. मी हसले. तेव्हा मला अशा गोष्टींचं हसू यायचं.

घराच्या पुढच्या खोलीत मी टेबल टाकलं आणि धाकट्या जावेला मदतीला घेतलं. ती बाळंतिणींना मालिश करायची. तिच्या हाताखालून न गेलेलं बाळ आमच्या आळीत शोधून सापडलं नसतं. पण तिचा हात म्हणजे लोखंड. हलका हात शिकवताना मी माझाच दंड पुढे करायचे आणि ओरडायचे, अगं, भाकऱ्या थापायच्या नाहीत. ती खो खो हसायची. जावाजावांचं पटत नाही म्हणतात, आमचं पटायचं. सासूबाईंच्या कागाळ्या आम्ही एकमेकींनाच सांगायचो, दुपारी एका ताटात जेवायचो. मी तिला बहीण मानत होते, आणि हे मी उगाच म्हणत नाही.

तिच्याच माहेरची, चिखल्याची, एक मावशी तिने माझ्याकडे आणली. घर बोंबील सुकवणाऱ्यांचं. डावा हात एवढा सुजला होता की ब्लाउजची बाही उसवून घातलेली. हात दुखतो, जड वाटतो, याबद्दल तिची फारशी तक्रार नव्हती. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि चुडा भरताना आपला एक हात रिकामा राहील, या विचाराने ती झोपत नव्हती.

"माझा दादला जिता हाय, बाय," ती म्हणाली. "बोडका हात घेऊन मांडवात कशी उभी रावू?"

मी तिला सांगितलं, या हाताला घट्ट बांगडी आता कधीच नाही. पण एक माप मोठ्या, सैल बांगड्या, मांडवापुरत्या, एवढं मी करून दाखवीन. मग ती रिक्षाने येत राहिली. माझ्या हाताला नावं ठेवायची, माशी बसल्यागत करते म्हणायची, पण मासळीत हात घालताना हातमोजे घालायला विसरायची नाही. दिवाळीनंतर हाताची सूज उतरली. माझी एक मोठी काचेची बांगडी तिच्या मनगटावर गेली तेव्हा ती रडली, आणि तिच्याबरोबर मीही.

लग्न तोंडावर आलं असताना तलासरीहून बोलावणं आलं. तिथल्या एका बाईचं ऑपरेशन झालं होतं, हात सुजायला लागला होता, आणि तिच्या सुनेला पट्ट्या बांधायला शिकवायचं होतं. मी आठवडाभर तिकडे राहिले. मावशीला जावेवर सोपवलं आणि निघताना पुन्हा बजावलं की तेल लावू नकोस, दाबू नकोस, शेकू नकोस. ती म्हणाली, ताई, मी काय आज शिकतेय का?

चारोटीला गाडी बदलून मी घरी पोचले तर दारात चपलांचा ढीग. आत मावशी, तिचा नवरा, मुलगी. आमच्याकडच्या सासूबाई, माझा नवरा आणि जाऊ. मावशीचा हात लालभडक होऊन ताणला होता आणि अंगात ताप. टेबलावरच्या चादरीला ओव्याच्या तेलाचा वास येत होता. मला विचारायची गरजच नव्हती. मी आधी दवाखान्यासाठी रिक्षा आणायला सांगितली. तेवढ्यात मावशीच्या नवऱ्याने विचारलं, हे झालं कसं?

जाऊ माझ्याकडे न बघता बोलली, "ताईंनीच सांगितलं होतं. लग्न जवळ आलंय, जरा जोर लाव म्हणून."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, आत्ता वाद नको. मग मी मावशीपाशी गेले. मी कधी तरी तुम्हाला तेल लावलं का, दाबलं का, एवढंच सगळ्यांसमोर सांगा, म्हटलं. तिने जावेकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"मना काय कळतं त्यातलं, बाय," ती म्हणाली. "तुम्ही दोघी काय ठरवता, मना काय ठावं."

माझ्या ज्या हाताला ती महिनोन् महिने नावं ठेवत आली, तो आता तिला ओळखू येत नव्हता.

बातमी घोलवडपर्यंत गेली. ठरलेल्या बायका यायच्या थांबल्या. तरी मी लग्नाला गेले. गेले नसते तर गुन्हा कबूल केल्यासारखं झालं असतं. बांगडीवालीने मावशीचा उजवा हात हिरवागार भरला. डावा पदराखाली होता. कुणीतरी विचारलं तेव्हा ती म्हणाली, हात बिघडला, आणि चार बायकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. माझी जाऊ तिच्या शेजारी बसून हळदीकुंकवाचं तबक धरत होती.

लग्नानंतर, दवाखान्याच्या औषधांनी ताप आणि लाली गेल्यावर, एका दुपारी मावशी एकटी आली. खोलीचं दार तिनेच लावून घेतलं आणि टेबलावर आडवी झाली.

"मीच तिला म्हटलं, दाब," ती छताकडे बघत म्हणाली. "ती नको म्हणत होती, तू ओरडशील म्हणून. पण ती आमच्या गावची पोर. उद्या माझ्या पोरीचं बाळंतपण तिच्याच हाती. तिला कशी उघडी पाडू? तू शिकलेली हायस. तू सोसशील."

मी म्हटलं, सासूबाई बाहेर ओटीवर बसल्यात, एवढंच त्यांना जाऊन सांगा. तिने मान हलवली, नाही म्हणून. आणि डावा हात माझ्यापुढे केला.

मी मानेपासून सुरुवात केली, नेहमीसारखी. हाताशी आले तेव्हा तिने डोळे मिटले होते आणि समाधानाने म्हणत होती, हाच तो हात, हजारात वळखीन. आयुष्यात पहिल्यांदा मला जोर लावावासा वाटला.