दत्ताने देऊन टाकलेला मान

पोळ्याच्या दिवशी, दिवस कलल्यावर, गावची जीप रिसोडला माझ्या दारात येऊन थांबली तेव्हा मी पुरण वाटत होते. ड्रायव्हर खाली उतरलाच नाही. बसल्या जागेवरूनच ओरडला, "अक्का, बसा लवकर, भाऊले वाशीमले न्या लागते!" मागच्या सीटवर माझा धाकटा भाऊ दत्ता आडवा होता. डोक्याला कोणाचं तरी धोतर गुंडाळलेलं, आणि ते कुठेच पांढरं उरलं नव्हतं. तशाच भरल्या हातांनी मी आत चढले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. माझी भावजय शोभा त्याच्या पायाशी बसून "श्वास हाये अक्का, श्वास हाये" एवढंच म्हणत होती. वाटेत एकदा त्याने डोळे उघडले. मला वाटलं, आता शोभाशी काही बोलेल, निदान माझ्याशी तरी... तो म्हणाला, "अंबादासचे बैल मोकळे सुटले काय?" दवाखाना यायच्या आधीच तो गेला. शेवटचं बोलणंही त्या माणसासाठीच खर्च केलं, याचा राग अजून माझ्या पोटात आहे. आता शिवारात सोयाबीनची काढणी सुरू झाली, तरी तो कमी होत नाही.

दत्ता जिल्हा परिषदेचा सदस्य होता. पेपरवाल्यांनी मात्र त्याला 'वादग्रस्त पुढाऱ्याचा निकटवर्तीय' एवढ्यातच गुंडाळला. त्यांना काय माहीत, हा आडदांड माणूस सुई पाहिली की घामाघूम व्हायचा! लसीच्या शिबिराचं उद्घाटन करायला गेला आणि फीत कापून मागच्या दाराने पळाला, हे त्याच्या सगळ्या मतदारसंघाला ठाऊक होतं. लोक चिडवायचे, तो त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसायचा. रक्त त्याला बघवत नसे. आणि त्याच्या राजकारणाची सुरुवातच रक्ताने झाली.

पहिल्यांदा सरपंच झाला त्या दिवशीची गोष्ट. गुलाल उधळत मिरवणूक शाळेजवळ आली आणि पडलेल्या पार्टीची माणसं गल्लीतून तुटून पडली. विटा, सळया, सायकलच्या चेना. एकाने कुऱ्हाड उगारली ती दत्ताच्या मानेवर. मधे हात घातला त्याच्या दोस्ताने, अंबादासने. त्याच्या उजव्या हाताची बोटं तिथेच रस्त्यात पडली. गुलाल कुठला आणि रक्त कुठलं, सांगता येत नव्हतं. तरीही अंबादासने डाव्या हाताने दत्ताला ओढत शाळेत नेलं आणि आतून कडी लावली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अंबादासबद्दल मी जे वाईट बोलेन ते हे पाहूनच बोलेन.

त्या वर्षी पोळ्याला दत्ताने कोणाला न विचारता एक गोष्ट केली. आमच्या गावात तोरणाखालून पहिली बैलजोडी जायची ती आमच्या घरची. कितीतरी पिढ्यांचा हा मान. दत्ताने भर मैदानात आमची जोडी थांबवली आणि अंबादासच्या जोडीला पुढे केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबा, म्हणजे आमचे वडील, मैदानातून उठून घरी आले. "मान तुहा नव्हता," ते दत्ताला म्हणाले, "गावानं आपल्या घरी ठेवायले देल्ला होता. तू कायले वाटून राह्यला?" दत्ता हसला आणि म्हणाला, आबा, दोन बैल तर आहेत. त्यानंतर आबा पोळ्याला कधी मैदानात गेले नाहीत.

पुढे अंबादास मोठा झाला, दत्तापेक्षाही. त्याचे टँकर कागदावरच पाणी वाहायचे. रस्त्याचं काम नापास करणाऱ्या इंजिनिअरला त्याने साइटवर लाथांनी तुडवलं, त्याच्या बरगड्या मोडल्या. चौकशी लागली की कुठेतरी कागदपत्रांना आग लागायची. दर वेळी ठाण्यात जामिनाला उभा राहायला दत्ता हजर. पक्षाने वरून सांगितलं, याला सोड, तुला मोठं करू. दत्ताने ऐकलं नाही. मी भांडले, शोभाने अबोला धरला. तो आपला उजवा हात पुढे करायचा, बोटं हलवून दाखवायचा आणि म्हणायचा, "हे माह्यावाले हायेत अजून, अक्का."

या वर्षी मात्र अंबादासने घरातच आग लावली. स्वतःच्या दुकानातून त्याने सोयाबीनचं बियाणं विकलं, तेही आपल्याच गावाला. पेरणी झाली, पाऊसही चांगला पडला, आणि वावरं काळीच राहिली. उकरून पाहिलं तर दाणे कुजलेले. दुबार पेरणी करताना लोक दातओठ खात होते. एका रात्री अंबादासचं दुकान फोडलं, शटर ट्रॅक्टरने ओढून काढलं. गावाने ठरवलं, यंदा अंबादासची जोडी पहिली जाणार नाही, गेली तर मुडदे पडतील. असंच म्हणाले, मुडदे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणीला मी मुद्दाम गावी गेले. दत्ता बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळत होता, अगदी हळू, बाळाला न्हाऊ घालतात तसं.

"दत्ता, मान परत घे. तूच देल्ला, तूच घे," मी म्हणाले.

"देल्लेली गोष्ट परत घेता येते काय अक्का?"

"लोकायचं बी नाही उगवलं. ते खोटं हाये काय?"

"नाही. ते खरं हाये. मी त्यायच्यासंगं तक्रार द्याले येतो म्हटलं. पण पोळ्याचं..." तो थांबला. बैलाच्या खांद्यावरून हात फिरवत राहिला. "पोळा होऊ दे. मंग पाहू."

मी रात्रीच रिसोडला परतले. दुसऱ्या दिवशी अंबादास मैदानात आलाच नाही. त्याचे सजवलेले बैल एकटा सालदार घेऊन आला. जोडी मैदानात दिसताच शिव्या सुरू झाल्या, पहिला दगड बैलाच्या शिंगावर बसला. सालदार कासरा टाकून पळाला. दत्ताने तो कासरा उचलला आणि तोरणाकडे निघाला. मग लोकांनी बंड्यांच्या उभाऱ्या उपसल्या, बैलगाडीच्या कडेचे ते मनगटाएवढे दांडे. पाठीवर बसल्या, खांद्यावर बसल्या. शोभा सांगते, तो वाकला पण कासरा सोडला नाही. बैल बिथरले, बायका-पोरांतून उधळले, दोघं-तिघं तुडवले गेले. तो फरफटत गेला, आणि डोक्यात बसलेली उभारी नेमकी तोरणाच्या खाली बसली. कोणाची ते पोलिसांना ठाऊक नाही. गावाला ठाऊक आहे. त्या माणसाचं वावरही काळंच राहिलं होतं, म्हणून मला धड त्याचा रागही करता येत नाही. माझा सगळा राग अंबादासवर होता. ज्याच्यासाठी हा मेला, तो घरात बसून राहिला!

दत्ताचा मोबाइल शोभाने अजून बंद केलेला नाही. त्याच्या खाटेशी चार्जिंगला लावलेला असतो. पहिल्या घंटीला फोन उचलायची त्याची सवय होती, जेवता जेवताही. लोक अजून करतात. काहींना माहीत नसतं, काहींचा हात आपोआप जातो. कोणाचं प्रेत शवविच्छेदनाला अडकलेलं असतं, कोणाला शाळेचा दाखला हवा असतो. शोभा ऐकून घेते आणि खरंच पुढे कोणाला तरी सांगते.

गेल्या आठवड्यात मी तिथे असताना तो वाजला. पडद्यावर नाव आलं, 'सख्खा'. मी सख्खी बहीण, माझं नाव 'रिसोड अक्का' असं होतं... शोभाने स्पीकर लावला. अंबादासच होता. दत्ताच्या जागेवर पोटनिवडणूक लागणार, त्याला उभं राहायचं होतं. बॅनरसाठी भाऊचा हसरा फोटो पाहिजे म्हणाला.

"पोळ्याच्या दिवशी तुमी कोठी होते?" शोभाने विचारलं.

मग तो रडायलाच लागला, मोठ्या माणसाने रडू नये तसा. "वहिनी, मी निंगालो होतो. भाऊनंच सकाळी येऊन बाहेरून कडी लावली. म्हणे, अंबादास, आज मारतीन तुले. तू घरीच राह्य, या वक्ती माही पाळी हाये."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी दत्ता बोलता बोलता कशाने थांबला होता ते मला त्या क्षणी समजलं, आणि इतके आठवडे जपलेला राग कोणावर काढावा ते कळेना.

शोभाने पदराने तोंड पुसलं. "मंग फिटलं तुमचं दोघायचं," ती म्हणाली. "आता तुमचं आमचं काही नाही. फोटो भेटणार नाही." तिने फोन कापला, ते नाव काढून टाकलं आणि मोबाइल परत चार्जिंगला लावला.

तो लगेच पुन्हा वाजला. तिने पहिल्या घंटीलाच उचलला. कोणाच्या तरी शिवारातली विजेची डीपी जळली होती. शोभाने गावाचं नाव विचारलं.